पीक सरकला म्हणून सॅम्पलला शिव्या देऊ नका: डीएससी-टीजीएवर स्फोटक पदार्थ तापवताना या चुका टाळा

परवा रात्री साडेअकराला एका पोराचा व्हॉट्सॲप आला, "सर पेपरमध्ये पीक २२९ ला आहे, माझा २४३ ला आला, सॅम्पल खराब झालं का ओ?" (पीक म्हणजे ग्राफवरचा उंचवटा, आणि हे आकडे अंश सेल्सिअस.) सोबत ग्राफचा फोटो, तोही मॉनिटरचा मोबाईलवर काढलेला, तिरका, वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ. मी विचारलं हीटिंग रेट, म्हणजे मिनिटाला किती अंशानं तापवायचं, तो किती ठेवला होता, म्हणे बघून सांगतो. सॅम्पल किती मिलिग्रॅम? बघून सांगतो. पॅन, म्हणजे सॅम्पल ठेवायची इवलीशी वाटी, बंद का उघडा? यावर बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि शेवटी उत्तर आलं, "लॅबमध्ये असतो तोच सर".

म्हटलं आता एकदाच लिहून टाकू, दर सेमिस्टरला तेच तेच सांगून घसा बसलाय. सोलापुरात मी बरीच वर्षं थर्मल ॲनालिसिसचं मशीन सांभाळलं (डीएससी म्हणजे पदार्थ तापताना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं, टीजीए म्हणजे वजन किती घटतं ते मोजणारं), म्हणजे काम काय तर लोकांची सॅम्पल घ्यायची, लावायची आणि ग्राफ आला की त्यांचं तोंड बघायचं. एमएस्सी, पीएचडीवाले, कधी कंपनीवाले. त्यातले थोडे एनर्जेटिक मटेरियलवाले असायचे, म्हणजे अमोनियम नायट्रेट, अमोनियम परक्लोरेट, नायट्रोसेल्युलोज, नायट्रोजन भरभरून असलेली धातूंची कॉम्प्लेक्स (संयुगं), असले तापवलं की स्वतःच उष्णता सोडणारे पदार्थ. हा लेख ते बनवण्याबद्दल नाही हां, ते परवाना असलेल्या लोकांचं काम. रीतसर मिळालेलं चिमूटभर सॅम्पल गरम केलं की ते कसं मोडतं हे मोजताना लोक कुठं घसरतात, तेवढंच.

सगळ्यात पहिली गडबड प्रश्नातच असते. "हे किती अंशाला विघटित होतं?" अरे बर्फ शून्याला वितळतो, इंडियम १५६.६ ला वितळतो, ते त्यांचे स्वतःचे आकडे आहेत. विघटनाला असा ठरलेला आकडा नसतो, वेग असतो. मे महिन्यात सोलापुरात सकाळचं दूध तापवायचं राहिलं तर दुपारपर्यंत नासतं, जानेवारीत तेच दूध संध्याकाळपर्यंत तग धरतं, मग सांगा बघू दूध किती अंशाला नासतं? किती तापवलं, किती वेळ तापवलं, किती होतं, झाकण होतं का नव्हतं, यावर सगळं. ग्राफवरचा २४३ हा एकट्या सॅम्पलचा आकडा नाही, सॅम्पल आणि तुमची सेटिंग दोघांचा मिळून आहे. एवढं डोक्यात बसलं तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

जास्त सॅम्पल, म्हणजे जास्त चांगला पीक?

नाही बे. पॉलिमरवाल्यांकडून शिकून आलेली पोरं सरळ ५-१० मिलिग्रॅम भरतात कारण पॉलिमरला ते चालतं, ग्लास ट्रान्झिशन (कडक पॉलिमर मऊ होतं तो बदल) बारीक असतं म्हणून तिथं जास्त लागतंच. एनर्जेटिक पदार्थाला तेवढं घातलं तर दोन गोष्टी होतात, एक तर माप चुकतं आणि दुसरं म्हणजे मशीनचा जीव जातो.

माप का चुकतं ते बघा. गावाकडं ओला कडबा गंजीत रचला तर आठवड्यानं आत हात घालून बघा, चटका बसतो, आणि तोच मूठभर कडबा अंगणात पडला असेल तर काही होत नाही. आत तयार झालेली उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही म्हणून आत आणखी तापतं, तापतं म्हणून आणखी वेगानं उष्णता तयार होते. पॅनमध्ये हेच होतं, फक्त आठवड्याऐवजी दोन सेकंदांत. भट्टी मिनिटाला १० अंशानं चढतीय असं तुम्ही समजता आणि आतलं सॅम्पल केव्हाच स्वतःच्या जिवावर पुढं पळालेलं असतं. ओळखायचं कसं? पीक सुईसारखा उभा आणि पुढच्या बाजूला झुकलेला दिसतो, आणि एक्स अक्षावर सॅम्पलचं तापमान घेतलं असेल तर रेघ चक्क मागं वळून वेटोळं घालते, म्हणजे तापमान वाढून परत उतरलं. असं वेटोळं दिसलं की त्या रनमधून कायनेटिक्स (विघटनाच्या वेगाचं गणित) काढायचं नाही, विषय संपला. सॅम्पल निम्मं करा, परत लावा, अजून वेटोळं आलं तर अजून निम्मं करा. दोन वेगवेगळ्या वजनांना ग्राम मागं सारखीच उष्णता आणि पीक एकाच जागी आला तर समजायचं आता वजनाचा त्रास संपला.

मशीनचा जीव म्हणजे काय ते मी स्वतः बघितलंय. एका लॅबमध्ये, नाव घेत नाही, एका पोरानं कॉपरचं कुठलंतरी कॉम्प्लेक्स ६ मिलिग्रॅम घट्ट बंद पॅनमध्ये लावलं आणि चहाला गेला. कॉम्प्लेक्सच्या नावात परक्लोरेट होतं, फॉर्मवर मात्र "धातूचं कॉम्प्लेक्स" एवढंच लिहिलेलं, आणि मीही विचारलं नाही ही माझी चूक. आवाज फार नाही आला, टप् असा, जसं कुकरच्या खाली खडा फुटावा. पॅनचं झाकण उडून भट्टीच्या झाकणाला चिकटलेलं, सेन्सरवर काळा डाग, बेसलाइन (ग्राफची मूळ सपाट रेघ) कायमची वाकडी. नवीन सेन्सर येईपर्यंत दोन महिने मशीन बंद आणि बाकीच्यांचे पीएचडीचे रिपोर्ट अडकले ते वेगळंच. तेव्हापासून माझा नियम असा की अनोळखी पदार्थ अर्धा मिलिग्रॅमच्या वर पहिल्या रनला नाही, मग तुमचे गाइड कितीही मोठे असोत. फॉर्मवर पूर्ण फॉर्म्युला पाहिजे, परक्लोरेट, नायट्रेट, अझाइड, पेरॉक्साइड, नायट्रो असा कुठलाही शब्द असेल तर तोंडी पण सांगायचं.

आणि हो, एवढ्या कमी वजनाला साधा तराजू चालत नाही, मायक्रोबॅलन्स पाहिजे, नाहीतर ०.५ म्हणता म्हणता ०.७ भरलेलं असतं आणि उष्णता चाळीस टक्क्यानं चुकते.

पॅन उघडा का बंद, यावर पीकची दिशासुद्धा बदलते

हे मला वाटतं सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमोनियम नायट्रेट घ्या. खत म्हणून सगळ्यांना नाव माहिती, आणि ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात साठवलेल्या २,७५० टनांच्या साठ्याचा स्फोट झाला म्हणूनही माहिती. आता तेच उघड्या पॅनमध्ये डीएससीवर लावा. वितळल्यानंतर, म्हणजे १६९-१७० च्या पुढं, २०० च्या वर मोठा पीक येतो आणि तो चक्क एंडोथर्मिक असतो, म्हणजे पदार्थ उष्णता घेतोय. पोरं चक्रावतात, "सर स्फोटक आहे ना हे, मग उष्णता घेतंय कसं?"

घेतंय कारण उघड्या पॅनमध्ये ते तुटून अमोनिया आणि नायट्रिक ॲसिडची वाफ होऊन वर निघून जातं. वाफ व्हायला उष्णता लागते. मशीनमध्ये सोडलेल्या नायट्रोजनचा प्रवाह ती वाफ लगेच झाडून नेतो त्यामुळं आत पुढची प्रतिक्रिया व्हायला कुणी उरतच नाही. आता तेच सॅम्पल दाब सहन करणाऱ्या बंद पॅनमध्ये लावा, अमोनिया आणि नायट्रिक ॲसिड आतच कोंडलेले राहतात, नायट्रस ऑक्साइड आणि पाणी तयार होणारी प्रतिक्रिया जोर धरते आणि त्याच पदार्थाचा पीक एक्झोथर्मिक, म्हणजे उष्णता सोडणारा, होतो. पदार्थ एक, मशीन एक, फक्त झाकण बदललं. एकजण थिसिसमध्ये लिहितो "सुरक्षित, उष्णता घेतं" आणि दुसरा लिहितो "धोकादायक, उष्णता सोडतं", आणि दोघांचे ग्राफ खरे आहेत. गोदामातल्या ढिगाचा धोका बघायचा असेल तर बंद पॅनचा आकडा जास्त कामाचा, कारण ढिगाच्या मध्यभागी वाफ बाहेर पडायला वाट नसते.

आता बंद म्हणजे कुठला बंद हे पण बघा. साधा ॲल्युमिनियमचा क्रिंप केलेला (कडा दाबून बंद केलेला) पॅन फार दाब धरत नाही, दोन-तीन बारच्या आसपास फुगतो आणि मग कुठूनतरी फुस्स करतो. ग्राफमध्ये मध्येच दातेरी खड्डा किंवा अचानक एंडो पीक दिसला तर नव्वद टक्के वेळा ती गळती असते, नवीन "फेज ट्रान्झिशन" (पदार्थाची रचना बदलणं) नसतं. उपाय अगदी साधा आहे, रन आधी आणि रन नंतर पॅनचं वजन करा. बंद पॅनचं वजन घटलं म्हणजे पॅन बंद नव्हता, तो रन कचऱ्यात. इतकं सोपं आहे पण करत कुणीच नाही. सोन्याचा मुलामा दिलेले स्टीलचे हाय प्रेशर पॅन मिळतात, महाग आहेत, पण सोन्याचा मुलामा असतो म्हणून धातू आणि सॅम्पलची आपसात प्रतिक्रिया होत नाही. ॲल्युमिनियमचा पॅन ६६० ला वितळतो हे पण विसरू नका, टीजीएवाले ८०० पर्यंत प्रोग्रॅम लावून ॲल्युमिनियमचा पॅन ठेवतात आणि मग तो सेन्सरला वेल्डिंग होऊन बसतो. असं वर्षातून एकदा तरी होतंच कुठंतरी.

झाकणाला टाचणीएवढं भोक पाडलेला पॅन हा मधला मार्ग आहे, वाईट नाही. पण भोक लेसरनं पाडलंय का सुईनं, किती मोठं, हे लिहा. सुईनं पाडलेलं भोक प्रत्येक वेळी वेगळं येतं आणि मग तीन रनचे तीन पीक.

कॅलिब्रेशन, गॅस आणि शेजारचा पॉवरलूम

कॅलिब्रेशन म्हणजे माहितीतल्या पदार्थाच्या ठरलेल्या आकड्याशी मशीन जुळवून घेणं. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहिती असतं, फक्त कुणी करत नाही. इंडियम आणि झिंक (४१९.५ ला वितळतं) दोन्ही लावायचे, आणि ज्या हीटिंग रेटला सॅम्पल लावणार त्याच रेटला लावायचे. मिनिटाला १० ला कॅलिब्रेट करून २० ला सॅम्पल पळवलं तर तापमानात फरक पडतोच. टीजीएसाठी कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट लावा, १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के असे तीन पायऱ्यांचे आकडे आले पाहिजेत, नाही आले तर तुमचा तराजू किंवा तुमचा गॅस दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय.

टीजीएत वजन वाढताना दिसलं, सुरुवातीलाच, तर घाबरू नका, ऑक्सिजन शोषतंय वगैरे स्टोरी पण लगेच बनवू नका. गॅस तापला की हलका होतो, उचलणारा जोर बदलतो, म्हणून रिकाम्या पॅनचा ब्लँक रन घ्यायचा आणि वजा करायचा. आणि कंपनं. पूर्व भागात आमच्या एका ओळखीच्यांच्या लॅबची भिंत पॉवरलूमच्या शेडला लागून होती, दिवसा टीजीएची रेघ अशी जाड यायची की जणू चादरीची किनार, आणि शुक्रवारी, लूम बंद असायचे तेव्हा, एकदम सुरेख. त्यांना वाटायचं मशीन शुक्रवारी चांगलं चालतं. दगडी फरशीचं टेबल घेतलं आणि प्रश्न मिटला.

लाइट गेली की एसी बंद, एप्रिलमध्ये लॅब पंधरा मिनिटांत ३८ वर, बेसलाइन वाकलीच. असला रन ठेवायचा नाही. इन्व्हर्टरवर मशीन चालतं, एसी चालत नाही हे लक्षात ठेवा.

एक छोटी पण जीवघेणी गोष्ट, एक्झो वर का खाली. काही कंपन्यांच्या मशीनला एक्झो वर दाखवतात, काहींना खाली. ग्राफवर बाण मारा. मी एक सेमिनार बघितलाय ज्यात पोरगा अर्धा तास वितळण्याला विघटन म्हणत होता कारण ग्राफ त्याच्या मित्राच्या मशीनचा होता.

प्रत्येक पीक विघटनाचा नसतो

अमोनियम परक्लोरेट, आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातल्या घन इंधनात जे असतं तेच, डीएससीवर २४० च्या आसपास स्वच्छ एंडो पीक देतं. ते विघटन नाही, स्फटिकाची रचना ऑर्थोऱ्होम्बिकवरून क्यूबिक होते एवढंच. टीजीए बघा, वजन घटत नाही. त्याच्या पुढं मग दोन टप्प्यांत मोडतं, कमी तापमानाचा टप्पा साधारण तीस टक्क्यांवर थांबतो आणि मग जास्त तापमानाचा. उत्प्रेरक टाकून "पीक खाली आला" असे पेपर ढिगानं आहेत, आणि त्यातल्या कित्येकांत २४० चा पीक जागचा हलत नाही हीच खरी तपासणी असते, कारण स्फटिकाच्या रचनेवर उत्प्रेरकाचा तसा काही परिणाम नाही. तोही सरकलेला दिसला तर उत्प्रेरक नाही, तुमचं कॅलिब्रेशन सरकलंय. फुकटची तपासणी आहे, वापरा की.

अमोनियम नायट्रेटला तर वितळण्याआधी ३२, ८४ आणि १२५ ला रचना बदलण्याचे पीक आहेत. यातला ३२ वाला सोलापुरात मजेशीर आहे, उन्हाळ्यात आमच्या स्टोअरचं तापमान रोज त्याच्या वर जायचं आणि पहाटे खाली यायचं. रचना बदलते तेव्हा दाण्याचं आकारमानही बदलतं, रोज असं आत-बाहेर होत राहिलं की दाणे फुटून भुगा होतो, आणि शिवाय हवेतलं पाणी शोषतं. मग एप्रिलमधलं सॅम्पल आणि डिसेंबरमधलं सॅम्पल एकाच बाटलीतलं असून वेगळं वागतं. बाटलीवर तारीख आणि कुठं ठेवली होती ते लिहा.

आरडीएक्सचा घोळ वेगळाच आहे. ते २०४-२०५ ला वितळतं आणि वितळल्या वितळल्या मोडायला लागतं, म्हणजे खाली जाणारा पीक आणि वर जाणारा पीक एकमेकांच्या पायात पाय घालतात. अशा वेळी "वितळण्याची उष्णता इतकी" असा आकडा काढणं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत कुणाचा धक्का कुणाला लागला ते मोजणं. तिथं तो आकडा काढूच नका, किंवा सावकाश आणि भराभर दोन्ही रेटला लावून दोघांना लांब सारायचा प्रयत्न करा आणि तरी नाही जमलं तर तसं लिहा.

नायट्रोजन सोडला म्हणजे पदार्थ जळणार नाही?

इथं लोक पॉलिमरच्या हिशोबानं विचार करतात. पॉलिमरला नायट्रोजनमध्ये तापवलं तर हवेतला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते जळत नाही, बरोबर. पण या पदार्थांचा ऑक्सिजन रेणूतच किंवा मिश्रणातच असतो, नायट्रोमध्ये, नायट्रेटमध्ये, परक्लोरेटमध्ये. बाहेरून काय सोडता याचा त्याला फारसा फरक नाही. गड्ड्याच्या वेळी होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघितलंय ना, तो बाण वरती जाताना हवेवर अवलंबून नसतो, दारूत सोरा असतो म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तोच ऑक्सिजन पुरवतो. नायट्रोजनमध्येच काम करा, पण "निष्क्रिय वातावरणात स्थिर आहे" असं वाक्य लिहू नका.

निघणारे वायू मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूच्या वजनावरून वायू ओळखणाऱ्या मशीनवर) बघत असाल तर ही चूक हमखास होते. ४४ चा सिग्नल आला की सरळ कार्बन डायऑक्साइड लिहून टाकतात. अहो नायट्रस ऑक्साइडचं पण ४४च आहे. २८ ला नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघंही उभे. नायट्रोजन डायऑक्साइड ४६ ला यायला पाहिजे पण मशीनमध्ये तुटून ३० ला जास्त दिसतं, मग लोक नायट्रिक ऑक्साइड लिहितात. याला औषध म्हणजे सोबत एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वायू ओळखणारं मशीन), तिथं नायट्रस ऑक्साइड २२२४ आणि कार्बन डायऑक्साइड २३४९ ला वेगवेगळे दिसतात. नायट्रोजन मात्र एफटीआयआरला दिसतच नाही, म्हणून दोघं एकत्र पाहिजेत. आणि जोडणारी नळी थंड पडली तर जड वाफ वाटेतच गोठते आणि तुम्ही लिहिता "कमी वायू निघाले".

कायनेटिक्स: इथं सगळ्यात जास्त माणसं बुडतात

एका हीटिंग रेटचा एकच टीजीए ग्राफ, त्यावर कोट्स-रेडफर्न नावाची पद्धत, दहा मॉडेल लावून बघितले, सगळ्यांचा आर स्क्वेअर (रेघ किती जुळते त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९ च्या वर, मग त्यातला ०.९९८७ वाला निवडला आणि यंत्रणा "सिद्ध" केली. हे बंद करा. एका रेटच्या ग्राफवर जवळपास कुठलंही मॉडेल बसतं, कारण सक्रियण ऊर्जा (प्रतिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) आणि प्री-एक्स्पोनेन्शियल (वेगाच्या सूत्रातला दुसरा आकडा) दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, एक वाढला की दुसरा पण वाढतो आणि रेघ तीच राहते. नवरा-बायकोनं मिळून खोटं बोलल्यासारखं आहे हे, एकेकाला विचारून काही उपयोग नाही. आयसीटीएसी म्हणून थर्मल ॲनालिसिसवाल्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या कायनेटिक्स समितीनं २०११ मध्येच सविस्तर शिफारशी छापल्यात, निदान तीन ते पाच वेगवेगळे तापमान प्रोग्रॅम घ्या म्हणून. तरी आजही एका ग्राफवरचे थिसिस येतायत.

किसिंजरची पद्धत १९५७ ची, सोपी आहे म्हणून सगळे वापरतात. हीटिंग रेट भागिले पीक तापमानाचा वर्ग, त्याचा नॅचरल लॉग, विरुद्ध एक भागिले पीक तापमान, उतारावरून सक्रियण ऊर्जा. आता यातली सगळ्यात शरमेची चूक, जी मी पहिल्या वर्षी स्वतः केली होती, सेल्सिअसमध्येच तापमान टाकलं. गंमत अशी की रेघ तरीही सरळ येते! म्हणून कळत नाही. वरच्या पोराचेच आकडे घ्या, मिनिटाला ५ अंशाला २२९ आणि २० अंशाला २४३ धरा. केल्विनमध्ये केलं तर सक्रियण ऊर्जा साधारण २०५ किलोज्युल प्रति मोल येते, सेल्सिअसमध्ये टाकलं तर ४२. (दोन बिंदूंवर रेघ मारायची नसते, हे फक्त समजायला.) म्हणून विघटनाला ४०-५० सारखा आकडा आला की आधी एक्सेल उघडा आणि २७३.१५ मिळवलंय का बघा. लॉगचा पायाही बघा, काही जण १० चा लॉग घेतात आणि २.३०३ नं गुणायला विसरतात.

रेट निवडताना ८, १०, १२ असे जवळजवळचे घेऊ नका, पीक दोन-तीन अंशच सरकतो आणि तेवढी तर मशीनची चूक असते. २, ५, १०, २० असे पसरून घ्या. रेट वाढेल तसं सॅम्पल कमी करा कारण वेगानं उष्णता सुटते.

किसिंजर एकच आकडा देतो, जणू पूर्ण प्रतिक्रिया एकाच दमात झाली. खऱ्या पदार्थाचं तसं नसतं. फ्रिडमन किंवा ओझावा-फ्लिन-वॉलसारख्या पद्धतीनं १० टक्के, २० टक्के, ३० टक्के असं प्रत्येक टप्प्याला सक्रियण ऊर्जा काढा. आकडा सपाट राहिला तर किसिंजर चालेल, १५० वरून २२० वर चढत गेला तर एकच आकडा छापणं म्हणजे पूर्ण सोलापूर जिल्ह्याचा पाऊस एका तालुक्यावरून सांगणं.

नायट्रोसेल्युलोजसारख्या पदार्थात अजून एक भानगड, ते स्वतःच्याच विघटनातून तयार झालेल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळं आणखी वेगानं मोडतं, म्हणून तर त्यात डायफिनायलअमाइनसारखं स्टॅबिलायझर घालतात. चढत्या तापमानाच्या रनमध्ये हे नीट कळत नाही. एकाच तापमानाला धरून ठेवा. साधी प्रतिक्रिया असेल तर उष्णतेची रेघ पहिल्यापासून उतरत जाते, स्वतःला उत्तेजन देणारी असेल तर आधी काहीच नाही, शांत, आणि मग घंटेसारखा उंचवटा येतो. "दोन तास ठेवलं, काही झालं नाही, सुरक्षित आहे" म्हणणारा इथं फसतो, कारण तिसऱ्या तासाला व्हायचं असतं. १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमधल्या त्यानजिनला जे झालं त्याची सुरुवात नायट्रोसेल्युलोजपासूनच झाली होती, ओलसर ठेवणारा पदार्थ उडून गेला, माल सुकला, उन्हाळा होता, स्वतःच तापत गेला आणि पेटला.

त्यातूनच पुढची चूक. २३० ला मोजलेल्या कायनेटिक्सवरून ४५ अंशाच्या गोदामात माल किती वर्षं टिकेल ते काढणं. सक्रियण ऊर्जेत फक्त २० किलोज्युलची चूक असेल, जी सहज असते, तर २३० पासून ४५ पर्यंत खाली येताना उत्तर सोळा पट बदलतं. १० वर्षं म्हटलेलं १६० वर्षं होतं नाहीतर साडेसात महिने. शिवाय २३० ला पदार्थ वितळलेला असतो आणि ४५ ला घट्ट, प्रतिक्रियाच वेगळी. एवढ्या लांबचं सांगायचं असेल तर ७०-९० अंशाला आठवडेच्या आठवडे ठेवून मोजणारे संवेदनशील मायक्रोकॅलरीमीटर किंवा ॲडियाबॅटिक कॅलरीमीटर (सॅम्पलची उष्णता बाहेर जाऊ न देणारे) लागतात. ॲडियाबॅटिकवालं मिनिटाला ०.०२ अंशाची स्वतःची तापमानवाढ पकडतं, म्हणून त्याचा ऑनसेट, म्हणजे विघटन सुरू झालेलं दिसतं ते तापमान, डीएससीच्या ऑनसेटपेक्षा बराच खाली येतो. "डीएससीच्या ऑनसेटमधून १०० वजा केले की सुरक्षित" हा जुना ठोकताळा अजून चालतो काही ठिकाणी, त्यावर गोदाम ठरवू नका.

हात लावण्याआधी

बारीक करायचंय म्हणून खलबत्त्यात घासू नका, एवढं मी ओरडून सांगतो. शेंगाची चटणी नाहीये ती. कण मोठे असतील तर मोठेच लावा आणि तसं लिहा, कणांचा आकार बदलला की पीकही हलतो हे खरं, पण त्यासाठी घर्षण करायचं नाही. स्टीलचा स्पॅट्युला नको. सोलापूरचा कोरडा उन्हाळा म्हणजे नायलॉनची साडी, सिंथेटिक शर्ट, दाराच्या कडीला हात लावला तरी चट् बसतो, तर सुती कपडे आणि अर्थिंगची पट्टी हातात. वाळवायला ओव्हनमध्ये ठेवू नका, डेसिकेटर आहे. उरलेलं सॅम्पल कचऱ्यात नाही, ज्यांच्याकडून आलं त्यांच्याकडं परत.

आणि सवय करायची असेल तर सुरुवात असल्या पदार्थानं करायचीच कशाला? कॅल्शियम ऑक्झलेटवर पाच रेट घेऊन पूर्ण कायनेटिक्स करून बघा, हात बसतो. अमोनियम नायट्रेटला २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि परवान्याचं काम नागपूरच्या पेसोकडून (स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) चालतं, "दुकानातून आणलं सर" असं म्हणत माझ्याकडं येऊ नका.

त्या पोराचं काय झालं ते राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पेपर नीट वाचला, प्रयोगाच्या भागातली चौथी ओळ, रेट मिनिटाला ५ अंश, भोक पाडलेलं झाकण, सॅम्पल ०.८ मिलिग्रॅम. याचं होतं मिनिटाला २० अंश, घट्ट क्रिंप, ३ मिलिग्रॅम. म्हटलं आता तिघांना एकदम बदलू नको, एकेक बदल, म्हणजे कुणी किती सरकवला ते कळेल. आधी वजन कमी केलं, सुईसारखा पीक खाली बसला, वेटोळं गेलं. मग झाकण बदललं. मग रेट. संध्याकाळी मेसेज आला, "२३० सर". फोटो परत तिरकाच होता.